पाइप काही करत नाही म्हणे!

परवा आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या बैठकीत एका जाणकारांनी निकाल देऊन टाकला. एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून, बाहेर पडताना पाणी स्वच्छ आहे, लॅबचा रिपोर्ट चांगला आहे, मग फ्लशच्या टाकीपर्यंत ते स्वच्छच राहणार. पाइप काही करत नाही. वास आलाच तर क्लोरीन वाढवा. नाहीतरी संडासातच ओतायचंय. आणि विंडहोकचे लोक 1968 पासून सांडपाणी शुद्ध करून पितात, सिंगापूर 2003 पासून ‘न्यूवॉटर’ वापरतं, तिथे कोणी नाक मुरडत नाही. मग आपल्यालाच कसले एवढे सोवळे? टाळ्या पडल्या, चहा आला.

‘पाइप काही करत नाही’ या वाक्याशी माझं जुनं वैर आहे. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत ते मी पिण्याच्या पाण्याबद्दल ऐकलं आणि आता निवृत्तीनंतर सांडपाण्याबद्दल ऐकतोय. माझी आजी शाळेत गेलेली नव्हती, पण रोज सकाळी हंड्यातलं कालचं पाणी झाडांना घालून, हंडा चिंचेने घासून मगच ताजं भरायची. कालचं पाणी काल स्वच्छच होतं. पण ते शिळं झालं, एवढं तिला पुरे होतं. जाणकारांच्या पाइपात पाणी शिळं होत नाही, कारण तो हंड्यासारखा वरून उघडा नसतो, दिसत नाही.

हिशेबच मांडू. आमच्या ई विंगपर्यंतची फ्लश लाइन चार इंची, लांबी साधारण चारशे मीटर. तिच्या पोटात तीन हजार लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. दरडोई 135 लिटरपैकी 45 लिटर फ्लशला, हे आपल्याकडचं नेहमीचं गणित. साठ फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे दिवसाला 10,800 लिटर. सात तासांत पाइप बदलून निघतो. कागदावर छान! प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक फ्लॅट गुंतवणुकीचे, कुलूपबंद. बारा घरांत दोन-दोन माणसं राहतात. 24 गुणिले 45 म्हणजे 1,080 लिटर. तेच पाणी आता तीन दिवस पाइपात झोपून राहतं, आणि ज्या टोकाला कोणीच राहत नाही तिथे किती, ते विचारू नका.

या तीन दिवसांत पाइप काय ‘करत नाही’, ते आम्ही गेल्या महिन्यात पाहिलं. ई विंगच्या टोकाचा व्हॉल्व्ह प्लंबरने खोलला. आधी सडक्या अंड्याचा भपकारा आला, मग चहाच्या उकळीसारखं काळपट पाणी, मग सुटं होऊन आलेलं बुळबुळीत काळं सालपट. प्लंबरने ते बोटावर घेऊन माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, “साहेब, हे जिवंत आहे.” अगदी बरोबर बोलला. शुद्ध केलेल्या सांडपाण्यातही जंतूंना पुरेल इतकं खाणं उरतं. ते पाइपच्या भिंतीला चिकटतात, थर धरतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात. तो संपला की सल्फेटवर जगणाऱ्यांचं राज्य येतं आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. प्रकल्पाच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्यात यातलं काहीच दिसत नाही.

आता क्लोरीन. “वाढवा” म्हणायला काय जातं? या पाण्यात अमोनिया असतो, आणि क्लोरीन आधी त्याच्याशी लग्न लावतो. नायट्रोजनच्या हिशेबात एक मिलिग्रॅम अमोनिया निपटायला साडेसात मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन लागतो. गंमत म्हणजे, त्या वाटेवर एक टप्पा असा येतो की क्लोरीन वाढवावा तसा पाण्यातला शिल्लक क्लोरीन कमी होतो! ऑपरेटर बिचारा क्लोरीन तपासायच्या ओटीचे थेंब टाकतो, पाणी पिवळं होतं, तो वहीत बरोबरची खूण करतो. पण ओटी मोकळ्या क्लोरीनलाही पिवळी होते आणि अमोनियाशी बांधलेल्या, मवाळ क्लोरीनलाही, जरा सावकाश. शिवाय क्लोरीन ज्यातून देतात त्या हायपोचे कॅन गच्चीवर उन्हात, म्हणजे निम्मा दम कॅनमध्येच गेलेला.

विंडहोक, सिंगापूर? तिथे पाणी ओझोन, कार्बन, आरओ अशा चाळण्यांतून जातं; पाइपातल्या जंतूंना तिथे उपासच घडतो. आपल्या एसटीपीच्या पाण्याची त्याच्याशी तुलना म्हणजे ताकाला दूध म्हणण्यासारखं आहे.

‘संडासातच ओतायचंय’ म्हणणाऱ्यांनी फ्लश ओढताना उडणारे तुषार कुठे जातात ते पाहावं.

यावरून पाइपांच्या रंगाची भांडणं आठवली. अमेरिकेत अशा पाण्याचे पाइप जांभळे असतात. आमच्याकडे मी जांभळा सुचवला, तर आर्किटेक्टला तो ‘एलिव्हेशन’ला शोभत नव्हता. डक्टमध्ये कोणाला एलिव्हेशन दिसणार होतं, देव जाणे. पिण्याच्या आणि फ्लशच्या, दोन्ही लाइनी करड्या झाल्या. पुढे उन्हाळ्यात टँकरच्या रांगेला कंटाळलेल्या एका घराच्या प्लंबरने वॉश बेसिन फ्लश लाइनला जोडून दिलं. त्या घरात आठवडाभर त्याच पाण्याने तोंडं धुतली जात होती. त्यावर झालेली बैठक मला अजून आठवते. तेव्हाही कोणी तरी ‘पाइप काही करत नाही’ म्हणालं होतंच.

मग करायचं काय? फार काही नाही. आधी प्रकल्पात हवा पुरेशी देऊन अमोनिया उतरवा, मगच क्लोरीन द्या. लाइनचं टोक बंद न ठेवता वळवून परत टाकीला जोडा. ते जमत नसेल तर आठवड्यातून एकदा पहाटे टोकाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी स्वच्छ होईपर्यंत बागेच्या खड्ड्यात सोडा. आणि नमुना प्रकल्पावरून नव्हे, शेवटच्या नळावरून घ्या. खर्च? पहिल्या वर्षी थोडा होईल, हे मी नाकारत नाही.

जाणकार आमच्याच ए विंगमध्ये राहतात, एसटीपीला लागून. फ्लश लाइनचा पहिला नळ त्यांचा, त्यामुळे त्यांना पाणी कायम ताजं मिळतं. दिवाळीत मात्र त्यांचे पाहुणे ई विंगच्या टोकाच्या फ्लॅटमध्ये उतरणार आहेत. मालक परगावी असल्याने त्याची चावी माझ्याकडे आहे. फ्लॅट मे महिन्यापासून बंद आहे.