हजेरीपटावरचे नाव

बल्लारपूरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान ओपनकास्ट खाणीवर ठेकेदाराचा डंपर चालवतात. कोळशावरची माती उपसण्याचे, ज्याला तिकडे ओबीचे काम म्हणतात, ते काम. वीस वर्षे झाली. मुलगा यंदा आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडला. वडिलांचे म्हणणे असे की, ठेकेदार ओळखीचा आहे, मुलालाही चिकटवून घेईल. आईच्या कानावर मात्र 'कोळसा बंद होणार, आता सूर्याची वीज येणार' असे सारखे येत असते. बाईंनी दोन प्रश्न विचारले आहेत. मुलाला खाणीवर पाठवावे का? आणि खाण खरोखरच बंद झाली, तर आमच्यासारख्यांचे काय होते?

दुसरा प्रश्न वाचला आणि मला आलमबाग आठवली. आता लखनौच्या आलमबागेचा बल्लारपूरशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. लखनौ म्हटले की आपल्याकडच्या माणसाला चिकनचे कुर्ते आठवतात, फार तर पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ साली निघालेले संगीत विद्यालय. पण आलमबागेत माझे मामा राहतात आणि कोळसा हातून सुटलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्याच रूपात.

नवाब वाजिद अली शाह यांच्या बेगम आलम आरा यांच्या बागेवरून या भागाला हे नाव पडले. १८६७ साली कानपूरहून लखनौला आगगाडी आली आणि पुढे चारबाग-आलमबागेचा सारा परिसर रेल्वेचाच होऊन गेला. चारबागला इंजिनांचा कारखाना, आलमबागेत डबे-वाघिणींचा कारखाना आणि डिझेल शेड, शेजारी मानकनगरला रेल्वेची संशोधन संस्था. आता रस्त्यावरून २०१७ पासून मेट्रो धावते. पण कारखान्याचा भोंगा, रेल्वे क्वार्टर्स आणि पाळीवरून घरी परतणारी माणसे यांच्यावरच या वस्तीचे घड्याळ कित्येक वर्षे चालले.

मामा १९६८ साली वाफेच्या इंजिनावर लागले. आधी क्लीनर, मग दुसरा फायरमन. फायरमन म्हणजे नुसता फावड्याने कोळसा फेकणारा गडी, असा माझा समज होता. मामांनी एकदा मला अंगणात फावडे धरायला लावले आणि समजावून सांगितले की, भट्टीत कोळसा ढिगाने टाकायचा नसतो, पातळ आणि सारखा पसरायचा असतो. कुठे जाड पडला तर धूर होतो, वाफ पडते आणि चढावर गाडी अडते. एक डोळा पाण्याच्या काचेवर, एक वाफेच्या काट्यावर, पायाखाली हलणारे इंजिन, आणि एका फेरीत असा कित्येक टन कोळसा. ही विद्या पुस्तकात नव्हती. ती खांद्यात आणि कानांत होती.

आणि हीच विद्या एक दिवस निरुपयोगी ठरणार होती. साठीच्या दशकात रेल्वेकडे वाफेची दहा हजारांहून अधिक इंजिने होती. १९७२ साली चित्तरंजनच्या कारखान्याने वाफेचे इंजिन बनवणे बंद केले. ब्रॉडगेजवर नेमाने धावणारी वाफेची गाडी १९९५ साली थांबली. मीटरगेजवरची त्यानंतर थोड्याच वर्षांत. या दोन सालांतले अंतर पाहा. तेवीस वर्षे! माणसाची एक नोकरी जेवढी चालते, जवळजवळ तेवढा काळ. या अवधीत म्हातारे सेवानिवृत्त झाले, त्यांच्या जागी नवे फायरमन फारसे भरावे लागले नाहीत आणि जे मधल्या वयाचे होते त्यांना शिकवायला वेळ मिळाला. गाड्याही वाढत होत्या, त्यामुळे माणसे हवीच होती.

मामांना डिझेलच्या प्रशिक्षणाला पाठवले तेव्हा त्यांची पस्तिशी उलटली होती. शिक्षण आठवी. समोर विजेच्या जोडण्यांचे नकाशे, इंग्रजी नावे. पहिल्या आठवड्यानंतर ते घरी आले ते जेवलेच नाहीत, असे मामी सांगतात. "मला पुन्हा फावडे द्या म्हणावं," एवढेच बोलले. शेवटी मोठी मुलगी, माझी ताई, तेव्हा सातवीत होती, ती रात्री पुस्तक मोठ्याने वाचायची आणि मामा डोळे मिटून ऐकायचे. मुलीला अर्थ कळत नव्हता, बापाला अक्षर लागत नव्हते. दोघांनी मिळून परीक्षा दिली म्हणा ना. मामा डिझेल असिस्टंट झाले, पुढे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. पगार एक महिनाही चुकला नाही, क्वार्टर सुटले नाही, मुलींच्या शाळा बदलल्या नाहीत. घरात फरक पडला तो एवढाच, की मामींना धुण्याचा सोडा कमी लागू लागला.

कोळशावरून दुसऱ्या इंधनावर जाताना कामगार कसा सांभाळावा, याचे हे चांगले उदाहरण आहे आणि ते आपल्याच देशातले आहे. ते कुणी उपकार म्हणून केले असेही नाही. हे कामगार रेल्वेच्या हजेरीपटावर होते, त्यांच्या मजबूत संघटना होत्या, आणि १९७४ च्या मे महिन्यातला वीस दिवसांचा देशव्यापी संप मालकाच्या चांगला लक्षात होता.

पण गोष्ट इथे संपत नाही. गेल्या खेपेला मामींशी बोलताना मी सहज विचारले, "मामी, इंजिनात कोळसा भरणारे लोक कुठे गेले?" मामा गप्प झाले. मामी म्हणाल्या, "अगं, त्यांचं कोण विचारतं? ते काही रेल्वेचे नव्हते."

त्या काळी देशातल्या बऱ्याच शेडमध्ये कोळसा उतरवण्याचे, चढवण्याचे आणि राख उपसण्याचे काम ठेकेदारांकडे असे. डोक्यावर टोपली, अंगभर काळी धूळ. याशिवाय राखेच्या ढिगाऱ्यातून अर्धवट जळलेला कोळसा वेचणाऱ्या बाया होत्या. तो त्या शेगडीसाठी घरोघर विकत. मामींच्या स्वयंपाकघरातही त्यांचाच कोळसा येई. वाफेचे इंजिन गेले तेव्हा फायरमनला शिकायला पाठवले गेले. टोपलीवाल्याला आणि वेचणारीला कुठेही पाठवले नाही, कारण त्यांना पाठवण्यासाठी आधी त्यांचे नाव कुठेतरी लिहिलेले असायला हवे होते. मामींकडे येणारी बाई एका पावसाळ्यानंतर आलीच नाही. घरात गॅस आला होता, त्यामुळे ती आली नाही हे लक्षात यायलाही काही महिने लागले, हे मामींनी स्वतःच सांगितले.

बल्लारपूरच्या बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. खाण बंद होते तेव्हा काय होते, हे खाणीवर कमी आणि तुमचे नाव कुणाच्या वहीत आहे यावर जास्त अवलंबून असते.

हे चंद्रपूर-यवतमाळच्या कोळसापट्ट्यात आजच दिसते आहे. कोल इंडियाच्या पटावर एकेकाळी सहा लाखांहून अधिक कामगार होते. आज ते सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. कोळसा कमी झाला म्हणावे, तर २०२४-२५ मध्ये देशाने शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा काढला! कोळसा वाढला आणि कायम कामगार घटले. जमिनीखालच्या खाणी मागे पडल्या, ओपनकास्ट आल्या, यंत्रे आली आणि उरलेले काम ठेकेदाराकडे गेले. म्हणजे सूर्याच्या विजेने अजून कुणाची नोकरी घेण्याआधीच नोकरीची जात बदलून गेली आहे. भारताने २०७० पर्यंत कार्बनचे उत्सर्जन नक्त शून्यावर आणण्याचे जाहीर केले ते २०२१ साली, ग्लासगोला. तेव्हा उद्या सकाळी दुर्गापूर, माजरी, घुग्घुसच्या खाणींना कुलूप लागणार नाही. पण जुने संच मात्र बंद होतातच. चंद्रपूरच्या वीज केंद्रातले २१० मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झालेले आहेत. आणि सूर्याचे मोठे प्रकल्प राजस्थान-गुजरातकडे अधिक उभे राहिले, खाणीच्या गावांत नव्हेत. चहाची टपरी, पंक्चरवाला, खानावळ यांना राजस्थानला कोण नेणार?

जर्मनीच्या रूर खोऱ्यात शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली, खाणी मिटू लागल्यापासून साठ वर्षांनी. तिथे साठच्या दशकातच बोखुम आणि डॉर्टमुंडला विद्यापीठे काढली गेली. एका खाणीच्या जागेवर मोटारींचा कारखानाही आला, पण तोही २०१४ साली बंद पडला. एकच मोठा कारखाना आणून गाव वाचते, हा समज त्यामुळे मला खरा वाटत नाही. आणि लांब कशाला जायचे? मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर अडीच लाख कामगारांपैकी कितीजणांना कुणी दुसरे काम शिकवले? त्या घरांतून पोळी-भाजीचे डबे करणाऱ्या बायकांनीच संसार ओढले.

आता बाईंच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. मुलाच्या हातात इलेक्ट्रिशियनचे प्रमाणपत्र आहे. ओळखीच्या ठेकेदाराकडे ते पेटीत पडून राहील आणि मुलगा हेल्पर म्हणून राबेल. त्याऐवजी त्याला आधी अप्रेंटिसशिप करू द्यावी, रेल्वेत किंवा वीज कंपनीत, जिथे जाहिरात निघेल तिथे. हातात पैसे कमी येतील, वर्ष जाईल, घरात कटकट होईल. पण वायरी जोडणारा माणूस कोळशाच्या विजेलाही लागतो आणि सूर्याच्या विजेलाही. रेल्वेचेही बहुतेक सारे ब्रॉडगेज मार्ग आता विजेवर आले आहेत.

यजमानांबाबत मात्र बाईंनी आजपासूनच पाठपुरावा करावा. ठेकेदाराच्या कामगारालाही कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू आहे. यजमानांचा खाते क्रमांक कोणता, वीस वर्षांचे पैसे भरले गेले का, हे विचारावे. निधीचे कार्यालय नागपूरला आहे. दर महिन्याची पगारपावती मागावी. कोल इंडियाने ठेका कामगारांसाठी २०१३ पासून वेगळे, किमान वेतनापेक्षा जास्त दर ठरवले आहेत. पावती नसेल तर ते दर मिळतात की नाही, हे कळायला मार्गच नाही. हजेरीकार्ड, प्रवेशपास, वैद्यकीय तपासणीचा कागद, जे जे असेल ते एका फाईलमध्ये लावून ठेवावे. ठेकेदार दर काही वर्षांनी बदलतात, माणूस तोच राहतो आणि दरवेळी नवा म्हणून लागतो. ही फाईलच पुढे सांगेल की तो नवा नाही.

आणखी एक. खाणींच्या जिल्ह्यांत २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खनिजाच्या उत्पन्नातला वाटा तिथे जमा होतो आणि तो मुख्यतः खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षण आणि कौशल्य प्रशिक्षण अशा कामांसाठी आहे. तो बरेचदा रस्ते आणि इमारतींवर खर्च होतो, कारण मागणी तशीच येते. बचत गटाच्या दहा बायकांनी ग्रामसभेत उठून, आम्हाला आणि आमच्या मुलांना शिकवा, असा लेखी अर्ज दिला तर त्याची नोंद तरी करावी लागेल.

हे सगळे मामांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून विचारले, डंपर चालवणाऱ्याकडे अवजड वाहनाचा परवाना स्वतःच्या नावाचा आहे ना? मला ते सुचलेच नव्हते. तेवढे बाईंनी बघून घ्यावे आणि पगारपावती मिळाली की नाही, ते मात्र कळवावे.