विकलेल्या यंत्राला कंपनीचे कुलूप

नाशिकच्या सिडकोतील एखाद्या तरुणाने वर्षभर पैसे साठवून खेळांसाठी संगणक बांधावा, तो थंड राहावा म्हणून त्यात पाणी खेळवावे आणि कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा तो अधिक वेगाने पळवावा, हे ऐकले की समाजाच्या दोन टोकांची माणसे एकाच सुरात बोलू लागतात. प्रतिष्ठित मध्यमवर्गाला ही पोरकट उधळपट्टी वाटते. आणि ज्यांनी श्रमाचा कैवार घेतला आहे अशा डाव्या चळवळीतील काही जुन्या कार्यकर्त्यांनाही ती ‘चंगळवाद’ या एका शब्दात निकालात काढण्याजोगी वाटते. दोघांचाही निवाडा चुकीचा आहे. या छंदाच्या पोटात मालकीचा जुनाच प्रश्न दडलेला आहे, आणि तो चंगळवादाच्या शिक्क्याखाली झाकून टाकणे कंपन्यांच्या सोयीचे आहे.

प्रथम या कामाचे स्वरूप पाहिले पाहिजे. पहाटे पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जायचे, दहा दुकानांत भाव विचारायचे, एक भाग या महिन्यात तर दुसरा पुढच्या महिन्यात घ्यायचा. मग प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून नळ्या काढायच्या, लहानसा पंप, टाकी आणि पंख्यांचा रेडिएटर जोडायचा. नळाचे पाणी चालत नाही. त्यातील क्षार आत साचतात. ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात गंजरोधक द्रव्य लागते. तांब्याच्या ठोकळ्याला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर जोडला तर पाण्यातून दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजते, हे ठाऊक असावे लागते. पाणी भरल्यावर मुख्य भागांना वीज न देता केवळ पंप तासन्‌तास चालवून गळती तपासायची. ज्या शहराच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यात कामगारांनी मिग विमाने बांधली, त्या शहराला हे कौशल्य परके वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच की ओझरला त्या कामाचे वेतन मिळते, आणि सिडकोतल्या खोलीत ते पदरमोड करून शिकावे लागते.

वेग वाढवण्याचे तंत्र, ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, तेही समजून घ्यावे. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत शंभर मेगाहर्ट्झचा एक मूळ ठोका असतो आणि त्याला एका आकड्याने गुणून यंत्राचा वेग ठरतो. पन्नासने गुणले की पाच गिगाहर्ट्झ. हा गुणक वाढवला की वेग वाढतो, पण अधिक वेगाला बहुधा अधिक विद्युतदाब लागतो, आणि उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के व दाब दहा टक्के वाढवला तर उष्णता सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते. म्हणून पाणी. एकलहरे औष्णिक केंद्रात वाफेचे पाणी करण्यासाठी जी क्रिया चालते, ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये जी चालते, तीच येथे लहान प्रमाणावर चालते. असे पाणी खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. त्यामुळे मे महिन्यातला वेग आणि जानेवारीतला वेग निराळा. द्राक्षबागायतदाराच्या पोटात गोळा आणणारी निफाडची थंडी या यंत्राला मात्र चांगली मानवते.

पेठ-सुरगाण्यात उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात आणि येथे संगणकाला पाणी पाजतात, हा आक्षेप भावनेला भिडणारा असला तरी खोटा आहे. बंद नळ्यांतून फिरणारे हे पाणी लिटर-दीड लिटर भरते आणि महिनोन्‌महिने तेच फिरत राहते. पेठेचे पाणी या पोरांनी पळवलेले नाही. ते कोणी पळवले हे पाटबंधारे खात्याला विचारावे. विजेचा आक्षेप अधिक खरा आहे. प्रोसेसर एकटा अडीचशे वॅट आणि सर्वांत महागडे ग्राफिक्स कार्ड पावणेसहाशे वॅट ओढू शकते. पूर्ण भारावर अडीच तासांत दोन युनिट. पण दोन लाखांहून अधिक किमतीचे ते कार्ड सिडकोत किती घरांत असेल, याचा विचार आक्षेप घेणाऱ्यांनी करावा.

आता कुलुपाकडे वळू. इंटेल कंपनीने २०११ पासून आपल्या प्रमुख प्रोसेसरांचे दोन वर्ग केले. ज्यांच्या क्रमांकापुढे ‘के’ अक्षर आहे त्यांचा गुणक मोकळा, बाकीच्यांचा बंद. ‘के’ अक्षराला अधिक किंमत. तेवढ्याने भागत नाही. गुणक फिरवू देणारा ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्डही घ्यावा लागतो, तोही महाग. कंपनीचे समर्थक सांगतात की सर्व चिप सारख्या उतरत नाहीत, चाचणी करून त्यांची प्रतवारी करावी लागते. प्रतवारी होते हे खरेच आहे. परंतु निकृष्ट चिप अधिक वेगाने चालत नसेल तर ती आपोआप बंद पडेल. त्यासाठी गुणकावर कुलूप कशाला? स्पर्धक एएमडी ही काही धर्मादाय संस्था नव्हे, तरीही २०१७ पासून तिने आपले बहुतेक रायझन प्रोसेसर मोकळ्या गुणकासह विकले. कुलूप ही तांत्रिक गरज नसून किंमत चढवण्याची युक्ती आहे, याचा याहून निराळा पुरावा कशाला हवा?

पुरावा हवाच असेल तर २०१० सालचा घ्यावा. त्या वर्षी इंटेलने पेंटियम मालिकेतील एक प्रोसेसर असा विकला की त्यातील काही स्मृती आणि एक क्षमता मुद्दाम बंद ठेवलेली होती. पन्नास डॉलरचे एक कार्ड विकत घेऊन त्यावरील संकेतांक संगणकात भरला की ती उघडे. ग्राहकाच्या टेबलावर, त्याच्या मालकीच्या यंत्रात जे आधीच होते, तेच त्याला दुसऱ्यांदा विकले गेले. पुढे २०१५ च्या अखेरीस काही मदरबोर्ड उत्पादकांनी ‘के’ नसलेल्या प्रोसेसरांचा मूळ ठोकाच वाढवण्याची वाट काढली, आणि स्वस्त प्रोसेसर घेतलेल्यांना वेगाचा लाभ मिळू लागला. २०१६ च्या आरंभीच इंटेलने नव्या आज्ञावलीद्वारे ती वाट बुजवली. जमीनदार कुळाच्या विहिरीला बांध घाली, तेव्हा निदान त्याला रात्री माणसे पाठवावी लागत.

जोखमीची वाटणी तर याहून बोलकी आहे. वेग वाढवण्याची मुभा म्हणून कंपनी अधिक पैसे घेते, पण ती मुभा वापरली आणि प्रोसेसर जळाला तर साधी हमी लागू होत नाही. म्हणून २०१२ मध्ये इंटेलने या जोखमीसाठी वेगळ्या पैशाची विमावजा योजना विकायला काढली. ती २०२१ पर्यंत चालली. प्रथम परवानगी विकली, मग परवानगी वापरण्यावरचा विमा विकला. आणि याच काळात कंपनी स्वतः काय करीत होती? बाजारातील शर्यतीत पुढे राहण्यासाठी तिने प्रोसेसर कारखान्यातूनच जवळजवळ शेवटच्या मर्यादेपर्यंत ताणून विकण्यास आरंभ केला. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या चौदाव्या पिढीच्या अग्रणी प्रोसेसरचा वेग सहा गिगाहर्ट्झपर्यंत नेलेला होता. पूर्वी कुशल हातांना जो वाव उरत असे, तो कंपनीने आधीच काढून घेऊन स्वतःच्या जाहिरातीत घातला.

परिणाम २०२४ मध्ये दिसला. तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसर, कोणी हात न लावलेलेही, अस्थिर होऊन निकामी होऊ लागले. एप्रिलमध्ये कंपनीने बोट दाखवले ते मदरबोर्ड उत्पादकांच्या जुळणीकडे. जुलैत तिला कबूल करावे लागले की तिच्याच आज्ञावलीतून प्रोसेसरला नको तितका विद्युतदाब दिला जात होता. मग दुरुस्ती आली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवण्यात आली. एका तरुणाने दाब वाढवला तर तो हमीला मुकतो. कंपनीने लाखो यंत्रांत दाब वाढवला तर त्याला ‘उच्च कार्यक्षमता’ असे नाव मिळते.

हा व्यवहार भारताला नवीन नाही. सत्तरीच्या दशकात आयबीएम कंपनी परदेशात जुनी झालेली १४०१ यंत्रे डागडुजी करून येथे भाड्याने देई. ग्राहक भाडे भरी, मालकी कंपनीची राही. १९७३ च्या परकीय चलन कायद्याप्रमाणे भागभांडवल चाळीस टक्क्यांवर आणण्यास तिने नकार दिला, आणि जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना १९७८ मध्ये ती देशाबाहेर गेली. तेव्हा देश अंधारयुगात जाणार असे भाकीत करणाऱ्यांची वाण नव्हती. प्रत्यक्षात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसीच्या अभियंत्यांनी ती यंत्रे चालू ठेवली. परक्यांचे यंत्र उघडण्याचा हक्क मिळाला की येथील हात कामाला लागतात, हे त्या वर्षी दिसले. मात्र त्यानंतर राज्यकर्त्यांनी काय केले? मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ ला उत्पादन सुरू झाले, १९८९ च्या फेब्रुवारीत तो कारखाना आगीत नष्ट झाला आणि नंतर त्याची उभारणी रेंगाळली. १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सामील होऊन संगणकाच्या भागांवरील आयातशुल्क शून्यावर नेण्याचे सरकारने मान्य केले. सीएमसीही २००१ मध्ये टाटांकडे गेली. डाव्यांनीही येथे आत्मपरीक्षण करावे: नोकऱ्या जातील म्हणून संगणकाला विरोध करण्यात जी शक्ती खर्च झाली, तिचा काही भाग संगणक कोण बनवणार या प्रश्नावर लागला असता तर बरे झाले असते.

आता पुन्हा अर्धवाहकांचा जयघोष चालू आहे. तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प २०२२ च्या सप्टेंबरात गुजरातला गेला आणि २०२३ च्या जुलैत ती भागीदारीच मोडली. महाराष्ट्रातील नेते मात्र तो कोणामुळे गेला यावरच भांडत राहिले. साणंद येथील मायक्रॉनच्या स्मृतीचिपांची जुळणी व चाचणी करणाऱ्या कारखान्याचा आराखडा पावणेतीनशे कोटी डॉलरचा. त्यातील पन्नास टक्के केंद्र सरकार आणि वीस टक्के गुजरात सरकार देणार. सत्तर टक्के पैसा जनतेचा, मालकी कंपनीची. आणि २०२५ च्या डिसेंबरात याच मायक्रॉनने जाहीर केले की सामान्य ग्राहकांना ‘क्रुशल’ या नावाने स्मृती विकण्याचा आपला धंदा ती बंद करणार. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडून मिळणारी मागणी तिला अधिक किफायतशीर वाटते. लॅमिंग्टन रोडवर भाव विचारीत फिरणाऱ्या तरुणाच्या हाताला पूर्वी कुलूप लागे. आता त्याच्यासमोरून मालच उचलला जात आहे.

चंगळवादावर व्याख्याने देण्याऐवजी चळवळीने यात मागण्या घेऊन उतरले पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर संकेतस्थळही उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने या चार क्षेत्रांपुरता तो विचार मर्यादित ठेवला गेला. संगणक त्यात आणला पाहिजे, आणि विकलेल्या यंत्रातील क्षमता कुलूपबंद ठेवण्यास व ती विक्रीनंतर काढून घेण्यास कायद्याने मनाई झाली पाहिजे. सातपूरच्या आयटीआयमध्ये या यंत्रांची बांधणी, शीतन आणि दुरुस्ती शिकवणारा वर्ग सुरू झाला, तर सिडकोतील मुलाला जे आज स्वतःच्या खिशाला चाट लावून, एखादा प्रोसेसर जाळून शिकावे लागते, ते सरकारी यंत्रावर शिकता येईल. आणि सत्तर टक्के खर्च जनता उचलणार असेल, तर उत्पादनाचा ठरावीक हिस्सा देशातील किरकोळ बाजारात रास्त दराने विकण्याची अट यापुढील प्रत्येक अनुदान-करारात लिहून घेतली पाहिजे.