तारामतीची भूमिका

किल्लारीतील आमच्या शेजारच्या घरी परवा प्रश्न निघाला: नातीस नाट्यशिक्षणास पाठवावे काय? कुलीनतेची चर्चा ऐकून आम्हांस तारामतीचे स्मरण झाले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना. अखेर अण्णा साळुंके या पुरुषास लुगडे नेसावे लागले. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तीच भूमिका दुर्गाबाई खोटे यांनी केली. माहेर मुंबईच्या लाडांचे, शिक्षण महाविद्यालयीन, पदरी दोन मुलगे. संसारावर आर्थिक विपत्ती कोसळल्याने त्या या व्यवसायात उतरल्या. लोकनिंदा चुकली नाही; तथापि ‘अमरज्योती’तील सौदामिनीपासून (१९३६) ‘मुगल-ए-आझम’मधील जोधाबाईपर्यंत (१९६०) त्यांची कला फुलतच गेली. १९८३ सालचा फाळके पुरस्कार त्यांस लाभला. ज्या फाळक्यांस तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही, त्यांच्याच नावाचा!

शिक्षक असता आम्हीही संमेलनात स्त्रीभूमिका मुलांसच देत असू. आज ते मनास खटकते. शेजाऱ्यांस आम्ही एवढेच सांगितले: कुलीनता आचरणात असते, व्यवसायात नव्हे. नातीस जाऊ द्यावे. लोक चार दिवस बोलतील. विद्या जन्मभर सोबत करील.