डिस्ट्रो बदलून काय होणार?

प्रोजेक्टचं बिल्ड लावलं की ब्राउझर ढिम्म हलत नाही, माउसही अडखळतो. मग हॉस्टेलवरचं ठरलेलं औषध: डिस्ट्रो बदल! रात्र जागून नवीन टाकायची आणि सकाळी बिल्ड लावल्यावर पुन्हा तेच. कसं होणार नाही? आत कर्नल लिनक्सचाच आणि रॅमही तेवढीच.

त्यापेक्षा मशीन अडकलेलं असतानाच टर्मिनलमध्ये 'टॉप' लावून बघा. प्रोसेसर पूर्ण भरलाय की स्वॅप वाढत चाललाय? हे दोन वेगळे आजार आहेत. सीनियर मंडळी सगळ्यावर 'नाइस' सांगतात. पण नाइस फक्त प्रोसेसरच्या वाटपात कोण मागे, कोण पुढे एवढंच ठरवतं. त्यातही २०११ पासून कर्नल टर्मिनलनुसार कामांचे गट करू शकतो. ते चालू असेल तर तुमचा १९चा आकडा त्या गटापुरताच!

जुन्या, ४ जीबीच्या लॅपटॉपवर दुखणं बहुतेकदा मेमरीचं असतं. रॅम संपली की कर्नल पानं डिस्कवर टाकतो, परत उचलतो, पुन्हा टाकतो. त्यात फिरणारी हार्ड डिस्क असेल तर चहा पिऊन या. इथे नाइस काय करणार? 'मेक -जे८' ऐवजी 'मेक -जे२' लिहा. एका वेळी दोनच फाइली कंपाइल होतील, मेमरी कमी लागेल. खर्च शून्य.

तरीही स्वॅप भरतोच आहे? मग खुशाल घरी रॅमसाठी पैसे मागा. दाखवायला आकडा तरी असेल.