सायकलस्वारांचे सोबती कोण?

पुणे परिसरातील सायकल-संघटना वाढावयाच्या तर त्यांना सोबती हवेत, यात दुमत नाही. प्रश्न आहे तो सोबती कोण, हा. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. पाठोपाठ भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली घेऊन कंपन्या अवतरल्या. काही वर्षांतच त्या चालत्या झाल्या. भांडवलाची भागीदारी इतपतच टिकावयाची!

जर्मन कामगारांनी निराळी वाट धरली होती. १८९६ साली त्यांनी ‘सॉलिडारिटेट’ हा सायकलस्वार-संघ स्थापिला. त्याचे नाते कामगार-चळवळीशी होते. सभासदांना अपघात-विमा मिळे, ओफेनबाखला संघाचा स्वतःचा सायकल-कारखाना होता, आणि निवडणुकीत हेच स्वार गावोगाव पत्रके पोहोचवीत. सभासदसंख्या तीन लाखांवर गेली. नाझींनी १९३३ साली हा संघ चिरडला. निरुपद्रवी हौशी मंडळ असते तर त्यांनी एवढी तसदी घेतली नसती.

पुण्यात आज पोटासाठी सायकल हाकणारा आहे तो वृत्तपत्रे टाकणारा, गवंडी, रखवालदार. मोटारींच्या गर्दीत जीव मुठीत धरून जातो तोच. रविवारच्या शिरस्त्राणधारी फेऱ्यांत मात्र त्याला स्थान नाही. सायकल-संघांनी प्रायोजकांचे उंबरठे झिजविण्याआधी हमाल पंचायतीची, बांधकाम-कामगारांच्या संघटनांची पायरी चढावी. आणि सायकल म्हणजे सुखवस्तूंचे खूळ, असे म्हणून हा प्रश्न झटकणाऱ्या पक्षकार्यकर्त्यांनी त्यांच्यासाठी दार उघडे ठेवावे.