गुपित मालकाचे, जीव मजुराचा

व्यापारी गुपितांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा, अशी शिफारस केंद्रीय विधी आयोगाने मार्च २०२४ मधील आपल्या २८९ व्या अहवालात केली. कष्टाने सिद्ध केलेली कृती कोणी चोरू नये, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो गुपिताच्या पांघरुणाखाली आणखी काय दडवले जाणार, हा.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. तो कोणता, त्यावर उतारा काय, याची पुरती माहिती इस्पितळातील डॉक्टरांनाही नव्हती. हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात ४१-ब हे कलम आले आणि धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक झाले. एवढी साधी गोष्ट कायद्यात येण्यासाठी एवढी प्रेते पडावी लागली!

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने व्यापारी गुप्ततेला संरक्षण दिले, तरी व्यापक जनहितासाठी ती उघड करण्याची वाट मोकळी ठेवली. विधी आयोगानेही जनहिताचा अपवाद सुचविला आहे. परंतु जनहित कशात आहे हा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालतो. विष मात्र तोवर थांबत नाही. म्हणून आरोग्य, सुरक्षितता आणि प्रदूषण यांविषयीची माहिती मुळात गुपितच ठरू शकत नाही, असे कायद्याने निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. ही मागणी कामगार संघटनांनी आताच लावून धरावी.