चार घासांचा हिशेब

‘तिकडे जव्हार-मोखाड्यात पोरे उपाशी मरतात आणि इकडे बोईसरात लोक लाखो रुपये मोजून पोट कापून घेतात.’

हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुटीत उच्चारले गेले. उच्चारणारे गृहस्थ मराठीचेच प्राध्यापक, वाचन दांडगे. वाक्याला लय आहे, विरोध आहे, सामाजिक भानही आहे. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले असते तर आम्हीच दोन गुण वाढवून दिले असते. कोणी हसले, कोणी गंभीरपणे मान डोलावली. आमच्या एक सहकारी बाई मात्र अर्धा चहा तसाच ठेवून तासावर निघून गेल्या. त्यांच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा सात महिने झाले होते. स्टाफरूमला त्यांनी पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन सांगितले होते. प्रस्तुत लेख त्यांच्या संमतीने आणि त्यांच्याशी पुष्कळ वाद घालून आम्ही लिहीत आहोत. आमचा आक्षेप असा की, हे वाक्य खोटे आहे. भुकेबद्दल खोटे आणि शस्त्रक्रियेबद्दलही.

आधी भुकेचे पाहू. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हा हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. तेव्हापासून ‘जव्हार-मोखाडा’ हा मराठी सुशिक्षितांच्या तोंडी एक अलंकार होऊन बसला आहे. दुसऱ्याच्या ताटातले काही खुपले की तो काढायचा. या अलंकाराचा सर्रास वापर करणाऱ्यांपैकी किती जण घाट चढून तिकडे गेले आहेत, हे विचारू नये. आमच्यापैकीही फार नाहीत, ही कबुली येथेच देऊन टाकतो.

पण उपाशी देह आणि स्थूल देह हे एकमेकांचे वैरी आहेत, हे गृहीतकच तपासायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. जन्मतः ही बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, सरासरी २.७ किलोच्या आसपास. स्नायू कमी, आणि त्या मानाने चरबी मात्र टिकून राहिलेली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्याशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३; शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आईच्या पोटातली उपासमार आणि पुढच्या आयुष्यातला मधुमेह यांचे नाते या अभ्यासांनी दाखवले. आमच्या सहकारी बाईंच्या वजनाचा हा पंचनामा नव्हे. एका देहाचे कारण असे एका निबंधातून निघत नाही. मात्र कुपोषित आजी आणि मधुमेही नात एकाच घरात असू शकतात, एवढे यातून कळायला हरकत नाही. आमच्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या घरी त्या आहेतही.

आता शस्त्रक्रियेचे. ‘शॉर्टकट’ हा तिच्याविषयीचा दुसरा लाडका शब्द. (२०२५ साली मौन्जारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने भारतात आली, तेव्हापासून तो त्यांनाही लागू झाला आहे.) बाईंची शस्त्रक्रिया ‘स्लीव्ह’ पद्धतीची. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. तिच्यात मावते वाटीभर, तेही सुरुवातीला नाही. पहिले दोन आठवडे निव्वळ पातळ: ताक, वरणाचे पाणी, गाळलेले सूप, आणि तेही घोटाघोटाने. मग घोटलेले, मग मऊ. मग कधीतरी घास. आणि तो घास पीठ होईपर्यंत चावायचा. घाईने गिळला तर छातीत कळ येते, तोंडाला फेस येतो आणि गिळलेले परत येते. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. ताटाशेजारी तांब्या-भांडे ठेवण्याच्या रीतीत वाढलेल्या माणसाला हे किती जड जाते, ते आम्ही पाहिले आहे.

ताटातला क्रमही उलटा होतो. आधी प्रथिने: अंडे, मुगाचे घट्ट वरण, पनीर, मासा. भात-पोळीची पाळी येईपर्यंत नळी भरलेली असते. सातपाटीच्या शेजारी राहण्याचा एवढा फायदा झाला की बोंबलासारखा मऊ मासा बाईंना इतर कशाहीपेक्षा लवकर झेपला. तांदळाची भाकरी अजून अडकते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळाले. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभराच्या. त्यांच्या तपासण्यांसाठी आणि पाठपुराव्यासाठी डहाणू लोकलने मुंबई गाठणे, म्हणजे एक रजा. आणि एवढे करूनही दीड-दोन वर्षांनी वजनाचा काटा तळ गाठून पुन्हा थोडा वर सरकू लागतो, पुष्कळांच्या बाबतीत. जन्मभर संपत नाही अशा वाटेला आमचे विद्वान आडवाट म्हणतात.

बाईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट आमच्या डोक्यातून जात नाही. जठराचा जो भाग काढतात, तेथेच भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे तयार होते. त्यामुळे कित्येक महिने त्यांना भूक लागलीच नाही. घड्याळ पाहून जेवायचे. त्याच सत्रात त्या वर्गात अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा शिकवत होत्या. ‘भूक आठवत होती, लागत नव्हती,’ असे त्या म्हणाल्या. देह आरशात अर्ध्यावर आला, तरी वर्गातल्या दोन बाकांमधून त्या अजून तिरक्या होऊनच जातात.

या अनुभवाला मराठीत जागा कुठे आहे? भुकेचे दालन आपल्याकडे समृद्ध आहे: ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), अण्णा भाऊंच्या कथा. तेथे आपण आवाज खाली आणून शिकवतो. स्थूलपणाचे दालन विनोदाचे. ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’ आम्ही वर्गात वाचतो तेव्हा मुले खदखदून हसतात, आम्हीही हसतो, आणि पु. लं.शी आमचे काहीएक भांडण नाही. त्यांच्या हसण्यात स्वतःला वगळणे नाही. भांडण आहे ते वाचकांच्या आळसाशी. गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ आपण लठ्ठ देहाकडे त्याच एका खिडकीतून पाहत आलो. म्हणून उपाशी माणूस दिसला की आपल्याला व्यवस्था आठवते आणि जाड माणूस दिसला की त्याचे चारित्र्य. एकाला परिस्थितीने घडवले, दुसऱ्याला जिभेने. ही वाटणी आपल्याला कोणी शिकवली?

आणि या भाषेत जेवायचे कसे? आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा व्याकरणशुद्ध प्रकार आहे आणि पानात टाकणे हे पाप. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला चार घासांनंतर पानात टाकावेच लागते. एका निरोपसमारंभात बाईंच्या पानात दोन जिलब्या वाढल्या गेल्या, ‘आमच्यासाठी एवढे तरी’ म्हणून. एक खाल्ली. पुढचा अर्धा तास त्या थरथरत, घामाघूम होऊन प्रसाधनगृहात बसून होत्या, आणि बाहेर त्यांच्या कृश होण्याला कोणता आजार असावा याची चर्चा चालली होती. कोणी कर्करोगापर्यंतही पोहोचले होते. खरे सांगितले असते तर कुत्सितपणा, न सांगावे तर कुजबुज.

वर्तमानपत्रांची तऱ्हा आणखी वेगळी. २०११ साली नितीन गडकरींची शस्त्रक्रिया झाली, २०१४ मध्ये अरुण जेटलींची, चर्चा वजनाची. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईत आली. तिचे वजन नेमके किती उतरले यावरून तिची बहीण आणि रुग्णालय यांच्यात जाहीर वाद झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ती अबुधाबीत वारली. ती दिवसभरात काय गिळू शकत होती, तिला कशाची चव आवडत होती, हे आम्हाला त्या बातम्यांतून आठवत नाही. किलो तेवढे आठवतात.

आमच्या प्राध्यापक मित्राच्या वाक्यात एक धागा खरा आहे, तो नाकारत नाही. लाखो रुपये मोजावे लागतात, हे खरे. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बीएमआय ४० च्या वर, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ च्या वर असणाऱ्यांना विम्याचे दार किलकिले केले. पण विमाच नसलेल्याला दार काय आणि भिंत काय. तारापूरच्या एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या, साखर चारशेच्या घरात घेऊन फिरणाऱ्या कंत्राटी कामगाराला ही शस्त्रक्रिया कोण सुचवणार? ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या जोडफोटोंची जाहिरातबाजी आम्हालाही शिसारी आणते. तर मग रागाचा रोख त्या दिशेला वळवावा. बाईंच्या अर्ध्या चहावर तो काढून जव्हारच्या एकाही मुलाच्या पानात भात पडत नाही.

त्या मित्राला आम्ही हे सारे वाचून दाखवले. त्याने दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि ‘पण तरीसुद्धा’ म्हणून थांबला. बाई हल्ली स्टाफरूममध्येच जेवतात. डबा म्हणजे पूर्वी चटणीला वापरायच्या ती स्टीलची डबी. कालच्या दिवशी तीत मुगाचे वरण आणि अंड्याचा पांढरा भाग होता. शेजारच्या खुर्चीवरून ‘एवढंच?’ असा प्रश्न आला. ‘वीस मिनिटं लागतील,’ बाई म्हणाल्या, आणि त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले.